विचार आणि विचारणे

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत, की ते दिवसातून कितीतरी वेळा तोंडी येतात. परंतु त्यांच्याकडे क्षणभर थांबून निरखून पाहावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. घरातील तांब्याभांड्यांप्रमाणे ते सदैव हाताशी असतात, म्हणूनच त्यांचे मोल लक्षात येत नाही. 'विचार' हा असाच एक शब्द आहे. शेतकरी पेरणीचा विचार करतो. गृहिणी उद्याच्या स्वयंपाकाचा विचार करते. विद्यार्थी गणित सोडवताना विचारात गढून जातो. आणि अनोळखी गावात आलेला वाटसरू चौकात उभा राहून वाट विचारतो. ह्या चारही वाक्यांत शब्द एकच आहे. पहिल्या तीन वाक्यांत विचार मनाच्या आत चालला आहे. चौथ्या वाक्यात मात्र तो मनाबाहेर पडून दुसऱ्या माणसाकडे गेला आहे. एकच शब्द ही दोन कामे कशी करतो, हे पाहू लागले म्हणजे ह्या लहानशा शब्दात केवढे धन साठवलेले आहे, ते ध्यानात येते.

'विचार' हा शब्द संस्कृतातून मराठीत जसाच्या तसा आला आहे. संस्कृतात 'चर्' हा एक धातू आहे. चालणे, फिरणे, हिंडणे हा त्याचा मूळ अर्थ होय. ह्या धातूचे कुटुंब फार मोठे आहे. जे हालचाल करते ते 'चर' आणि जे हालत नाही ते 'अचर'. ही दोन्ही मिळून 'चराचर' सृष्टी होते. पाण्यात वावरतात ते जलचर, जमिनीवर वावरतात ते भूचर, दोन्ही ठिकाणी वावरणारा बेडूक उभयचर, आणि रात्री संचार करणारे घुबड निशाचर. बरोबर चालतो तो सहचर आणि मागून चालतो तो अनुचर. ज्यांनी चालावयाचे त्या पावलांना 'चरण' म्हणतात. रानात हिंडत गवत खाणारी गुरे 'चरतात', तीही ह्याच धातूच्या नात्याने.

ह्या 'चर्' धातूच्या आधी 'वि' हा उपसर्ग लागला. निरनिराळ्या दिशा, वेगळेपणा किंवा विशेषपणा ह्या उपसर्गाने दाखवला जातो. म्हणून 'विचरणे' म्हणजे इकडेतिकडे संचार करणे. वनात हरणे विचरतात, असे कवी म्हणतात. हरिण जसे वनात विचरते, तसे मनही एखाद्या गोष्टीभोवती विचरते. ते ती गोष्ट पुढून पाहते, मागून पाहते, तिच्या आत डोकावते आणि तिच्यापासून दूर जाऊनही तिच्याकडे वळून बघते. मनाच्या ह्या फिरण्यालाच 'विचार' असे नाव मिळाले. ओसरीवर शांत बसलेला माणूस जेव्हा विचार करीत असतो, तेव्हा त्याचे शरीर स्थिर असले, तरी त्याचे मन दूरचा प्रवास करीत असते.

परंतु मनाचे सगळेच फिरणे सारख्या योग्यतेचे नसते. गुरे रानात आपली आपण 'चरतात'. गुराखी मात्र त्यांना 'चारतो'. तो त्यांना मोकळे सोडतो, पण मोकाट सोडीत नाही. उभ्या पिकात ती शिरू नयेत, कड्याच्या टोकाशी जाऊ नयेत आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावीत, इकडे त्याचे लक्ष असते. मनाचेही असेच आहे. मनात नाना गोष्टी आपोआप येतात आणि जातात. तेव्हा मराठी माणूस 'विचार आला' असे म्हणतो. पण मनाला हेतुपूर्वक एका विषयाभोवती फिरवून त्याने निर्णयाशी यावे असा यत्न केला, म्हणजे 'विचार केला' असे तो म्हणतो. विचार येण्यासाठी काहीच करावे लागत नाही. विचार करण्यासाठी मनाचा गुराखी व्हावे लागते. 'येणे' आणि 'करणे' ह्या दोन साध्या क्रियापदांनी भाषेने केवढा मोठा भेद दाखवला आहे!

क्रियापद बदलले की 'विचार' ह्या शब्दाची छटा अशीच प्रत्येक वेळी पालटते. काय करावे हे न कळल्याने माणूस गोंधळला, तर तो 'विचारात पडतो'. निर्णय घेताना एखादी गोष्ट वगळली नाही, तर ती 'विचारात घेतली' असे म्हणतात. सभेत उभे राहून वक्ता आपले 'विचार मांडतो', आणि श्रोत्यांना ते 'पटतात' किंवा 'पटत नाहीत'. 'सुट्टीत कोकणात जाण्याचा विचार आहे' ह्या वाक्यात विचार म्हणजे बेत. 'तुझा काय विचार आहे?' असे थोरल्या भावाने धाकट्याला विचारले, तर त्यात मत आणि इच्छा ह्या दोहोंची चौकशी असते. एखाद्या थोर पुरुषाचे 'विचार' असा अनेकवचनी प्रयोग केला, म्हणजे आयुष्यभराच्या अनुभवातून त्याने बनवलेली मते असा अर्थ होतो. अशा अनेक विचारांची एका दिशेने जाणारी मालिका ती 'विचारसरणी'. येथेही गंमत अशी, की 'सरणी' ह्या शब्दाचा अर्थ वाट असा आहे. चालण्यापासून निघालेला शब्द पुन्हा वाटेलाच येऊन मिळाला.

शब्दाच्या आधी काय जोडले जाते, त्यावरूनही अर्थ ठरतो. शाळेच्या फळ्यावर रोज लिहिला जातो तो 'सुविचार'. एकदा केलेला विचार पुन्हा तपासून पाहणे हा 'पुनर्विचार'. हिताचे काय आणि अहिताचे काय, हे दोन्ही बाजूंनी तोलून पाहणे हा 'साधकबाधक विचार'. आणि टिकाऊ काय व टाकाऊ काय, हे निवडून काढणे हा 'सारासार विचार'. 'अविचार' हा शब्द तर मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'अ' म्हणजे नाही. तेव्हा अविचार म्हणजे नुसता विचाराचा अभाव, असे कोणास वाटेल. दगडही विचार करीत नाही, पण दगडाला कोणी अविचारी म्हणत नाही. ज्याला विचार करता आला असता, परंतु ज्याने तो केला नाही, त्यालाच अविचारी म्हणतात. पूर आलेल्या ओढ्यात केवळ पैजेखातर उतरणारा मुलगा अविचारी ठरतो. म्हणजे ह्या शब्दात नुसते वर्णन नाही, दोषही दिलेला आहे. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' ही म्हण अशाच अविचारी बोलण्याविषयी आहे.

'विचार' ह्या शब्दाला जवळचे काही सोबती आहेत. ते एकमेकांसारखे दिसले, तरी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मनात एखादी नवी गोष्ट एकाएकी उभी राहिली, तर ती 'कल्पना'. पुष्कळ विचार करून मन एका जागी स्थिरावले, म्हणजे 'मत' होते. वाचलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीवर पुनःपुन्हा विचार करणे हे 'मनन'. 'मन', 'मनन' आणि 'मत' हे तिन्ही शब्द 'मन्' ह्या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. 'विवेक' ह्या शब्दाचा मूळ अर्थ वेगळे करणे असा आहे. सुपात धान्य पाखडताना फोल उडून जाते आणि दाणा खाली राहतो, तसे बऱ्यावाइटाची निवड करणारी बुद्धी म्हणजे विवेक. समर्थ रामदासांचा 'दासबोध' हा वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा ग्रंथ आहे. त्यात विचार आणि विवेक ह्या दोन्ही शब्दांना मोठे मानाचे स्थान आहे.

'चिंतन' आणि 'चिंता' ही जोडीही पाहण्यासारखी आहे. दोन्ही शब्द एकाच धातूचे. संस्कृतात 'चिंता' ह्या शब्दाचा अर्थ विचार असाही होतो. मराठीत मात्र शांतपणे केलेला विचार 'चिंतन' ह्या नावाने राहिला, आणि मनाला जाळणारा विचार 'चिंता' झाला. विचार एकाच ठिकाणी गरगर फिरू लागला आणि त्याला वाट सापडेनाशी झाली, म्हणजे त्याची काळजी होते, हा माणसाचा अनुभवच ह्या शब्दाच्या अर्थात उतरला आहे. तेलुगू भाषेत तर 'विचार' ह्या शब्दावरच ही पाळी आली. मराठी मुलाने तेलुगू मित्राच्या तोंडून 'विचारम्' हा शब्द ऐकला, तर तो मित्र काही योजना आखीत आहे असे समजू नये. तेथे 'विचारम्' म्हणजे दुःख.

आता वाटसरूच्या 'विचारण्या'कडे वळावे. एखादी गोष्ट दुसऱ्याला पुसणे, ह्या अर्थी मराठीत 'विचारणे' हे क्रियापद रूढ आहे. 'पुसणे' हा त्याच अर्थाचा जुना मराठी शब्द. तो संस्कृतातील 'प्रच्छ्' ह्या धातूपासून आला. हिंदीतील 'पूछना' आणि गुजरातीतील 'पूछवुं' हे त्याचेच भाऊ. त्या दोन्ही भाषांत 'विचार' हा शब्द आहे, परंतु तो मनातल्या मनात चालणाऱ्या कामासाठीच वापरला जातो. गुजरातीत 'विचारवुं' म्हणजे विचार करणे. प्रश्न करावयाचा असेल तर 'पूछवुं' हेच म्हणावे लागते. मराठीत मात्र विचार करणेही 'विचार' आणि प्रश्न करणेही 'विचारणे'. गोव्याच्या कोकणीतही असेच आहे. तेथे प्रश्न करण्याला 'विचारप' म्हणतात. दक्षिणेकडील शेजाऱ्यांतही हा अर्थ आढळतो. कन्नडमध्ये 'विचारणे' हे नाम असून त्याचा अर्थ चौकशी किंवा खटल्याची सुनावणी असा आहे, आणि तमिळमध्येही ह्याच शब्दापासून चौकशी करण्याचे क्रियापद झाले आहे. पूर्वेकडे बंगालमध्ये हा शब्द न्यायासनावर जाऊन बसला. तेथे 'विचार' म्हणजे न्यायनिवाडा आणि 'विचारक' म्हणजे न्यायाधीश.

हे सगळे अर्थ एकाच शब्दातून कसे निघाले असतील? संस्कृतात विचार म्हणजे एखाद्या गोष्टीची नीट तपासणी करणे. ती तपासणी स्वतःच्या मनाशी केली, तर चिंतन झाले. दोन पक्षांचे म्हणणे ऐकून केली, तर न्याय झाला. आणि दुसऱ्याला प्रश्न करून केली, तर चौकशी झाली. मुळाशी एकच गोष्ट आहे : जे ठाऊक नाही किंवा जे निश्चित नाही, त्याचा शोध.

हा शोध आत आणि बाहेर, दोन्हीकडे कसा चालतो, हे शेतकऱ्याकडे पाहिले म्हणजे कळते. मृगाचा पहिला पाऊस पडला. रान भिजले. आता लगेच तिफण धरावी, की आणखी एका पावसाची वाट पाहावी? घाईने पेरले आणि पावसाने पाठ फिरवली, तर उगवलेले कोंब करपतात, बियाणे वाया जाते आणि उसनवारी करून दुबार पेरणी करावी लागते. थांबत बसले, तर हंगाम निघून जातो. तरुण शेतकरी बांधावर बसून विचार करतो. मूठभर माती उचलून पाहतो, वापसा झाला आहे की नाही ते बघतो, आभाळाकडे नजर टाकतो. एवढ्यानेही मनाचा निश्चय होत नाही, तेव्हा तो शेजारच्या शेतातील वृद्धाकडे जातो आणि म्हणतो, "आबा, पेरू का थांबू?" आबा म्हणतात, "वीतभर ओल खाली उतरली का, ते आधी पाहा. उतरली नसेल, तर अजून थांब." त्या शेतकऱ्याने प्रथम विचार केला आणि मग विचारले, ऐकून घेतल्यावर पुन्हा विचार केला आणि मग ठरवले. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ह्या म्हणीत हाच क्रम आहे. न विचारता केलेला विचार अपुरा राहतो, आणि विचार न करता नुसतेच विचारीत सुटणारा दुसऱ्याच्या डोक्याने चालू लागतो.

'विचारणे' ह्या क्रियापदाचे आणखी काही उपयोग मराठी माणसाच्या वागण्यावर प्रकाश टाकतात. गावात कोणी आजारी पडले, तर शेजारीपाजारी त्याची 'विचारपूस' करतात. ह्या शब्दात 'विचार' आणि 'पूस' असे एकाच अर्थाचे दोन भाग जोडलेले आहेत. जणू एकदा विचारून आपुलकी पुरेशी प्रकट होत नाही, म्हणून भाषेने दोनदा विचारले. कोणी अन्याय केला, तर त्याला 'जाब विचारतात'. जत्रेहून परतलेला माणूस 'काय ती गर्दी, विचारू नका!' असे म्हणतो आणि कोणी विचारण्याची वाट न पाहता सगळे वर्णन सांगू लागतो. आणि ज्याला समाजात मान नाही, त्याच्याविषयी 'त्याला कोणी विचारीत नाही' असे म्हटले जाते. हे शेवटचे वाक्य फार बोलके आहे. एखाद्याला विचारणे म्हणजे त्याला किंमत देणे होय. घरात निर्णय घेताना आजीला विचारले, वर्गात सहलीचे ठिकाण ठरवताना मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला विचारले, तर उत्तर मिळते ते मिळतेच. शिवाय 'तूही आमच्यापैकी एक आहेस' हा निरोपही त्यांना पोहोचतो. उलट, ज्याला कधीच कोणी काही विचारीत नाही, तो चारचौघांत असूनही एकटा पडतो.

येथे दोन फसव्या शब्दांविषयी सावध राहावे. 'बिचारा' हा शब्द कानाला 'विचारा'सारखा लागतो आणि 'लाचार' ह्या शब्दाच्या शेवटी 'चार' ऐकू येतो. त्यामुळे हेही 'चर्' धातूच्या घरातले असावेत, असा समज होणे शक्य आहे. परंतु त्यांचे घराणे वेगळे आहे. फारसी भाषेत 'चारा' म्हणजे उपाय. ज्याच्यापाशी उपाय उरला नाही, तो बेचारा, अर्थात बिचारा. आणि ज्याचा उपाय चालत नाही, तो लाचार. शब्दांचा विचार करतानादेखील सारासार विचार हवा, तो असा. तोंडावळा सारखा दिसला म्हणून नाते जोडू नये. मूळ शोधून पाहावे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी संपादित केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ ह्या काळात सात भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्यासारखा कोश उघडून पाहणे, हेही एक प्रकारचे विचारणेच आहे.

'चर्' धातूची तीन मुले मराठीत नेहमी एकत्र नांदतात : विचार, उच्चार आणि आचार. मनात चालतो तो विचार, मुखावाटे बाहेर पडतो तो उच्चार, आणि वागण्यात दिसतो तो आचार. तिघांच्याही पोटात चालणे आहे. विचाराने पहिले पाऊल टाकावे, उच्चाराने दुसरे आणि आचाराने तिसरे, म्हणजे वाट पुरी होते. मनात एक, बोलण्यात दुसरे आणि करण्यात तिसरेच, असे ज्याचे वर्तन असते, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

हे तीन टप्पे चालून जाणे सोपे नसते. मुलींनी शिकू नये, असे एके काळी पुष्कळ लोक मानीत. जोतीराव फुले यांनी ह्या समजुतीचा विचार केला आणि समाजाला प्रश्न विचारला, की मुलींना विद्या का मिळू नये? प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यासाठी दोघांना घर सोडावे लागले. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी चिखल आणि शेण फेकले. तरीही त्यांचे पाऊल मागे फिरले नाही. विचार, उच्चार आणि आचार यांचा मेळ जेथे असतो, तेथे किती बळ येते, ते ह्या उदाहरणावरून दिसते.

पुढे १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकर यांनी 'सुधारक' पत्र सुरू केले. 'विचारकलह' हा शब्द त्यांच्या नावाशी जोडला गेला आहे. कलह म्हणजे भांडण. पण विचारांचे भांडण वाईट नसते, असे आगरकरांचे मत होते. दोन माणसे भांडली, तर दोघांनाही इजा होते. दोन विचार भांडले, तर त्यांतला कच्चा असेल तो गळून पडतो आणि पक्का असेल तो अधिक उजळतो. म्हणून भिन्न मताच्या माणसाचा राग न करता त्याचे म्हणणे समजून घ्यावे आणि आपले म्हणणे निर्भयपणे सांगावे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या भारताच्या संविधानाच्या उद्देशिकेत नागरिकांची जी स्वातंत्र्ये सांगितली आहेत, त्यांत विचाराचे स्वातंत्र्य सर्वांत आधी आले आहे. जेथे मोकळेपणाने विचार करता येत नाही, तेथे मोकळेपणाने बोलणे कोठून येणार?

वर्गात एखादा भाग समजला नाही, तरी 'विचारू कसे? सगळे हसतील,' ह्या भीतीने पुष्कळ मुले गप्प बसतात. त्यांनी मराठी भाषेची साक्ष ध्यानात ठेवावी. ज्या भाषेने 'विचार करणे' आणि 'विचारणे' ही दोन्ही कामे एकाच शब्दावर सोपवली, तिच्या लेखी प्रश्न विचारणे हे अज्ञानाचे लक्षण नाही. त्या मुलाचे मन चालू लागले आहे, एवढेच त्यावरून कळते. ज्याला प्रश्न पडतो, त्याने विचार केलेला असतो. आणि जो तो प्रश्न विचारतो, त्याचा विचार पुढे जातो.

स्वाध्याय

१. 'विचार येणे' आणि 'विचार करणे' यांतील फरक गुराख्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : विचारात पडणे, जाब विचारणे, विचारपूस करणे, साधकबाधक विचार.
३. 'चर्' ह्या धातूपासून झालेले, पाठात न आलेले चार शब्द कोशातून शोधून लिहा.
४. 'त्याला कोणी विचारीत नाही' ह्या वाक्यातून त्या माणसाची कोणती स्थिती कळते?